देवराईच्या कडेला सापडलेले लाल आणि काळे-पिवळे वाणी: बाहेरून आलेले की इथलेच?

प्रश्न: कातळसडा

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या एका देवराईच्या कडेला आणि तिला लागून असलेल्या नारळ-पोफळीच्या वाडीत दोन प्रकारचे वाणी, म्हणजे मिलिपीड, भरपूर दिसताहेत. मोजमापं आणि नोंदी देतो.

प्रकार अ: गोल दंडाकार अंग, गंजाचा रंग, पायही तांबडे. सर्वांत मोठा ४८ मिमी लांब आणि ५ मिमी जाड. डिवचला की गुंडाळून बसतो, आणि हातात धरला तर बोटांवर तपकिरी डाग पडतो. नारळाच्या सोडणांच्या ढिगात, कुजलेल्या झावळ्यांखाली, गडग्याच्या चिऱ्यांमधल्या फटींत, शेणखताच्या खड्ड्यात. देवराईच्या आत पातेऱ्यात, म्हणजे पडलेल्या पानांच्या थरातही आहे.

प्रकार ब: चपटा, काळा, प्रत्येक वलयाच्या दोन्ही बाजूंना पिवळट टोकं. लांबी १७ ते २० मिमी. १०एक्स भिंगातून डोळे दिसत नाहीत. हाताळल्यावर कडू बदामाचा वास येतो. हा मुख्यतः वाडीत, पाटाच्या कडेच्या ओलसर मातीत आहे.

माझा अंदाज असा की अ म्हणजे ट्रायगोनियुलस कोरॅलिनस आणि ब म्हणजे ऑक्सिडस ग्रॅसिलिस. दोन्ही जगभर पसरलेल्या जाती. हा अंदाज पक्का करायला नेमकं काय बघावं? आणि देवराईत शिरलेत म्हणून काही करायला हवं का? जवळ १०एक्स भिंग आणि फोनला लावायची मॅक्रो लेन्स आहे. कॉलेजातला स्टिरिओ मायक्रोस्कोप मागितला तर मिळतो. दोघांचे वरून काढलेले फोटो जोडले आहेत.

---

उत्तर १: पातेरा

अ बद्दलचा अंदाज बरोबर दिशेने आहे, पण वरून काढलेल्या फोटोवर जातीचं नाव लावू नका. तांबूस-तपकिरी, गुंडाळून बसणारे दंडाकार वाणी कोकणात एकापेक्षा जास्त गटांत आहेत. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो हार्पागोफोरिडी कुळातल्या आपल्याकडच्या मोठ्या काळ्या वाण्यांच्या पिल्लांशी. पूर्ण वाढलेला काळाभोर असला तरी त्याचं पिल्लू बरेचदा तांबूस असतं. म्हणून आधी गण ठरवा, मग कूळ, मग जात.

गण ठरवायला चेहरा बघा. वाणी पालथा न करता समोरून, कपाळापासून वरच्या ओठापर्यंत. स्पायरोबोलिडा गणात मधोमध उभी शिवण असते, एक बारीक खोल रेघ, आणि ती सरळ ओठापर्यंत उतरते. ट्रायगोनियुलस याच गणातला. हार्पागोफोरिडी ज्या स्पायरोस्ट्रेप्टिडा गणात येतात त्यात अशी पूर्ण उतरणारी शिवण नसते. १०एक्स भिंगाला हे दिसतं, मात्र उजेड समोरून नको. टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवा धरा म्हणजे रेघेत सावली पडेल.

मग शेपटी. ट्रायगोनियुलस कोरॅलिनसचं शेवटचं वलय बोथट असतं, टोक बाहेर आलेलं नसतं. तुमच्या नमुन्याला अणकुचीदार टोक असेल तर हे नाव तिथेच सोडा.

वलयं मोजा. पूर्ण वाढलेल्यात ती पन्नासच्या आसपास भरतात. शेपटीजवळची चार-पाच वलयं बिनपायाची दिसली तर तो अजून वाढतोय. अशा पिल्लावर जातीचा निर्णय होत नाही, कितीही लाल असलं तरी.

खरा निकाल प्रौढ नरावर. सातव्या वलयावरच्या पायांचं रूपांतर वीर्य पोचवणाऱ्या अवयवात झालेलं असतं, त्याला गोनोपॉड म्हणतात. मोजताना डोक्यामागची कॉलर हे पहिलं वलय धरा. बहुतेकांची मोजणी इथेच एकाने चुकते. स्पायरोबोलिडात सातव्या वलयाच्या दोन्ही जोड्या, म्हणजे आठवी आणि नववी पायांची जोडी, गोनोपॉड होतात आणि पोटातल्या खाचेत ओढून घेतलेल्या असतात. म्हणून नराला कुशीवरून पाहिलं की पायांच्या सलग ओळीत तिथे खिंड दिसते. मादीत ओळ अखंड असते. पण स्पायरोस्ट्रेप्टिडाच्या नरांतही अशीच खिंड दिसते. ती फक्त नर ओळखायला वापरा, गण ओळखायला चेहऱ्यावरची शिवणच.

ट्रायगोनियुलसात पुढची गोनोपॉड जोडी ढालीसारखी रुंद असते आणि मागची जोडी तिच्याआड लपलेली असते. जात ठरते ती मागच्या जोडीच्या टोकाच्या आकारावर. तो आकार प्रकाशित रेखाचित्राशी ताडून बघावा लागतो, शब्दांत सांगून भागत नाही. संदर्भ शोधताना ट्रायगोनियुलस लुंब्रिसिनस हे नावही शोधा. जुन्या लिखाणात हीच जात त्या नावाने येते.

एक देशी जात आधीच बाजूला काढता येईल. झेनोबोलस कार्निफेक्स हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला वाणी तांबडा-काळा म्हणून लोक यात मिसळतात. त्याचं अंग काळं आणि पाठीवरून लांबट लाल पट्टे असतात. तुमचा एकसारखा गंजाच्या रंगाचा आहे, त्यामुळे तो नव्हे.

---

उत्तर २: चपटी_पाठ

ब साठी ऑक्सिडस लिहिण्याआधी थांबा. काळं अंग, पिवळी टोकं, वीस मिमी ही वर्दी पॅरॅडॉक्सोसोमॅटिडी कुळात अनेकांनी घातलेली आहे, त्यात परदेशी आणि देशी दोन्ही आले.

ऑक्सिडस ग्रॅसिलिस मूळ पूर्व आशियातला. कुंड्या आणि हरितगृहांबरोबर युरोप-अमेरिकेत पसरला, म्हणून इंटरनेटवर त्याचेच फोटो सगळीकडे आहेत आणि ॲपही पहिलं नाव त्याचंच सुचवतं. समुद्रकिनाऱ्याच्या दमट उष्ण वाडीत मी आधी ॲसिओमॉर्फा कोआर्क्टाटा तपासेन. ती मूळची आग्नेय आशियातली, आता उष्ण कटिबंधात सर्वदूर. शिवाय इथल्याच मातीतले काँड्रोमॉर्फा आणि ॲनोप्लोडेस्मस वंश आहेत, आणि मुंबई-कोकणाच्या बाजूला झुंडीने फिरणारा स्ट्रेप्टोगोनोपस फिप्सोनाय, ज्याचं वर्णन पोकॉकने १८९२ साली केलं. या देशी जातीला परदेशी म्हणून नोंदवणं ही उलट बाजूची चूक, आणि तीही वरचेवर होते.

बघायचं ते असं. पाठीच्या वलयांना दोन्ही बाजूंना जे पंख असतात त्यांचा मागचा कोपरा बघा, विशेषतः बाराव्या वलयापासून शेपटीकडे. ऑक्सिडसमध्ये तो गोलसर. ॲसिओमॉर्फात मागचा कोपरा टोकदार, मागे खेचलेला. पाठीवर बारीक दाण्यांच्या रांगा आणि आखूड केस दिसले तर काँड्रोमॉर्फा वंशाकडे वळा. केस बघायला नमुना कोरडा लागतो, ओल्या पाठीवर ते चिकटून बसतात आणि पाठ गुळगुळीत वाटते.

पण हेही फक्त शक्यता कमी करण्यापुरतं. या कुळातही प्रौढ नराचे गोनोपॉडच बोलतात. इथे एक सोय आहे: सातव्या वलयाची फक्त पुढची जोडी, म्हणजे आठवे पाय, गोनोपॉड होते आणि ते खाचेत पूर्ण लपत नाहीत. काचेच्या बशीत वाणी ठेवून खालून फोटो काढला तर दिसतात. ॲसिओमॉर्फाचे लांब, सडपातळ, कोयत्यासारखे वळलेले. ऑक्सिडसचे आखूड, जाड, अनेक फांद्यांचे.

आणि प्रौढ आहे का हे मोजून ठरवा. या कुळात शेपटीच्या वलयासकट वलयं वीस झाली की वाढ पूर्ण. अंड्यातून सात वलयांचं पिल्लू निघतं, मग प्रत्येक कात टाकताना ९, १२, १५, १७, १८, १९ आणि शेवटी २०. एकोणीसवाला आकाराने प्रौढाएवढाच वाटतो, रंगही आलेला असतो, पण त्याचे गोनोपॉड तयार नसतात. तुमच्यातले १७ मिमीचे मला तसे वाटतात.

---

उत्तर ३: मॅक्रो_कोकण

फोटोंपुरतं सांगतो. वाणी झाकणाच्या डबीत ओल्या टिश्यूवर ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, फ्रीझरमध्ये नको. मंदावतो आणि सरळ पडून राहतो. एकाच प्राण्याचे हे फोटो हवेत: पूर्ण कुशीवरून, चेहरा समोरून, कॉलर ते आठवं वलय कुशीवरून, तेच पोटाकडून, आणि शेवटची पाच वलयं कुशीवरून. बाजूला आलेख कागदाची पट्टी ठेवा. फ्लॅश चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो, म्हणून बेकिंग पेपरचा तुकडा मध्ये धरा. दोन वेगळ्या वाण्यांचे फोटो एकाच नोंदीत घालू नका. ओळखणाऱ्याला मग काहीच करता येत नाही.

---

कातळसडा

आभारी आहे. अ च्या चेहऱ्यावर उभी शिवण स्पष्ट आहे, ओठापर्यंत. शेपूट बोथट. दोघांच्या सातव्या वलयावर खिंड आहे. म्हणजे नर मिळाले. ब मध्ये २० वलयांचे बरेच आहेत, काही १९ चे. नमुने कसे जतन करू? स्पिरिट चालेल का?

---

उत्तर ४: नमुनापेटी

नमुन्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण चुकीच्या बाटलीतला चांगला नमुनाही वाया जातो.

अ आणि ब एका बाटलीत कधीच जिवंत ठेवू नका. ब गटातले वाणी हायड्रोजन सायनाइड सोडतात, तो बदामाचा वास त्याच्याबरोबर निघणाऱ्या बेंझाल्डिहाइडचा. बंद डबीत एकमेकांना मारतात, स्वतःही मरतात. जाळीच्या झाकणाच्या डब्या, एकात एकच. अ गटातले बेंझोक्विनोन सोडतात, त्यानेच बोटं रंगतात. डाग लगेच साबणाने धुवा. उरलेला काही दिवसांनी कातडीबरोबर जातो. तो हात डोळ्याला लावू नका, लागलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवून डॉक्टरकडे जा. मुलं सोबत असतील तर त्यांना हातमोजे द्या.

मारताना फ्रीझरमध्ये चार-पाच तास. थेट अल्कोहोलमध्ये टाकलेला वाणी गुंडाळतो आणि तसाच ताठरतो, मग सातवं वलय उघडायला गेलं की तुटतो. फ्रीझरमधून काढून मऊ झाला की सरळ करा आणि बारीक प्लॅस्टिकच्या नळीत सरकवून मग इथेनॉलमध्ये.

इथेनॉल ७० ते ८० टक्के, अवयव बघण्यासाठी. डीएनएसाठी एका नराचे मधल्या भागातले चार-पाच पाय काढून वेगळ्या छोट्या कुपीत ९५ टक्क्यांच्या वर इथेनॉलमध्ये, फ्रिजमध्ये. सातव्या वलयाला हात न लावता. फॉर्मेलिन नको, त्याने डीएनए निकामी होतं आणि सांधे कडक होतात. रंगकामाचं डिनेचर्ड स्पिरिटही नको. शुद्ध इथेनॉल आपल्याकडे परवान्यावर मिळतं, म्हणून कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातूनच घ्या. तात्पुरतं हवं असेल तर औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल चालेल. जेल सॅनिटायझर मात्र नमुन्यावर थर धरतो.

पहिल्या २४ तासांनंतर द्रव बदला. वाण्याच्या अंगात पाणी बरंच असतं, ते बाहेर येऊन इथेनॉल पातळ होतं, आणि क्विनोनने द्रव तपकिरी होतो. तोच द्रव ठेवला तर आतून कुजायला लागतो आणि वलयं सुटतात. द्रव नमुन्याच्या निदान दहापट असावा.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर पेन्सिलने. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, तारीख, नेमकी जागा, गोळा करणाऱ्याचं नाव. जागा म्हणजे "वाडी" एवढंच नको, "पोफळीच्या आळ्यात, कुजलेल्या चुडताखाली" असं.

गोनोपॉड बघायला सहावं ते आठवं वलय सावकाश वेगळं करा, बारीक चिमट्याने खाच उघडून गोनोपॉड बाहेर काढा, ग्लिसरिनच्या थेंबात ठेवा आणि २० ते ४० पटीत बघा. फार गडद वाटले तर काही तास लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवून मग ग्लिसरिनमध्ये. समोरून, मागून आणि कडेने असे तीन फोटो घ्या. काम झाल्यावर तुकडे त्याच बाटलीत, छोट्या कुपीत.

देवराईतून काही उचलण्याआधी गुरव आणि मानकऱ्यांना विचारून घ्या. नमुने देशाबाहेर पाठवायचा विषय निघाला तर जैवविविधता कायदा २००२ लागू होतो, परवानगीशिवाय एकही बाटली जाऊ देऊ नका.

---

उत्तर ५: पातेरा

बाहेरून आलेली जात हे ठरवायला नाव पुरेसं नाही. ट्रायगोनियुलस कोरॅलिनसचं मूळ आग्नेय आशिया आणि तो भारतात आधीपासून ठिकठिकाणी आहे, त्यामुळे "कोकणात नवा" असं कुणी लिहू नये. तुमच्या देवराईसाठी खरा प्रश्न वेगळा आहे: तो आत स्थिरावलाय की कडेवरून डोकावतोय?

त्यासाठी गडग्यापासून आत सरळ रेघ आखा. ०, १०, २०, ४० आणि ८० मीटरवर थांबा. प्रत्येक ठिकाणी ५० सेंमीचे तीन चौकोन, त्यातला सगळा पातेरा आणि वरची ५ सेंमी माती ५ मिमी चाळणीने पांढऱ्या कापडावर चाळा. चौकोनागणिक दहा मिनिटंच शोधा, सापडताहेत म्हणून वेळ वाढवू नका. नर, मादी, पिल्लं वेगळी लिहा. पातेऱ्याची जाडी आणि वर सावली किती हेही लिहा. पाचही ठिकाणं एकाच सकाळी करा. पाऊस थांबून ऊन पडलं की हे प्राणी काही तासांत खाली उतरतात, त्यामुळे सोमवारची कड आणि गुरुवारचा गाभा यांची तुलना होऊ शकत नाही.

४० आणि ८० मीटरवर पिल्लं सापडली तर तिथे पैदास होतेय. फक्त प्रौढ, तेही पाऊलवाटेच्या जवळ सापडले तर ते वाडीतून येताहेत. देवळाच्या बांधकामासाठी आणलेली वाळू, मुरूम, नर्सरीतून आणलेल्या कलमांच्या पिशव्या कुठे ठेवल्या होत्या तेही नकाशावर टाका, बहुतेक वेळा पहिला ठिपका तिथेच असतो. त्याच पातेऱ्यात आफ्रिकन गोगलगायीचे शंख दिसतात का बघा. १८४७ मध्ये कोलकात्यात आणलेली ती गोगलगायही माती-रोपांबरोबर अशीच सरकते. दोन्ही एकत्र मिळाले तर वाट मातीचीच, असं धरायला हरकत नाही.

आता करायचं काय. औषध मारू नका, दाणेदार कीटकनाशक तर अजिबात नाही. देवराईच्या पातेऱ्यात खेकडे, गांडुळं, चेंडू होऊन बसणारे देशी आर्थ्रोस्फेरा वाणी आणि देवगांडुळांसारखे माती उकरणारे प्राणी असतात, ते आधी मरतील. हा लाल वाणी कुजकं खाणारा आहे, ब्राझीलमध्ये तर एम्ब्रापा ही कृषी संशोधन संस्था याच जातीकडून पालापाचोळ्याचं खत करून घेते. वाडीतल्या ढिगात तो काम करतोय, तिथे त्याला राहू द्या.

थांबवायची ती माती. कुंडीतली जुनी माती, सोडणं, झावळ्या, निर्माल्य देवराईच्या कडेला टाकणं बंद करायला गावाला सांगा. नर्सरीतून आणलेली रोपं आठवडाभर उघड्या कोरड्या खळ्यावर, देवराईपासून लांब ठेवा, पिशवीच्या तळाला बोट घालून बघा, वाणी आणि त्यांची अंडी तिथेच असतात. शेणखत ताजं नाही, पूर्ण कुजलेलं आणि उन्हात पसरून सुकवलेलं न्या.

---

कातळसडा

अ च्या एका नराचे गोनोपॉड मायक्रोस्कोपखाली काढले. पुढची जोडी रुंद ढालीसारखी, मागची तिच्याआड. तीन बाजूंचे फोटो जोडतो आहे. ब च्या वीस वलयांच्या नरात गोनोपॉड लांब, सडपातळ आणि वळलेले आहेत, पंखांचे मागचे कोपरे टोकदार. मला मात्र ब च्या १९ वलयांच्या पिल्लांचंही बघायचं आहे, कारण ती थोडी फिकट आहेत. दोन जाती मिसळलेल्या नसतील ना?

---

उत्तर ६: पातेरा

अ: मागच्या जोडीचं टोक तुमच्या कडेच्या फोटोत नीट दिसतं आणि ट्रायगोनियुलस कोरॅलिनसच्या रेखाचित्राशी जुळतं. नोंद त्या नावाने करा, गोनोपॉडचे फोटो त्याच नोंदीत जोडा. डीएनए करायचं झालं तर जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा नेहमीचा ६५८ अक्षरांचा तुकडा पुरे. या जातीचा जनुकसंच २०१५ मध्येच प्रसिद्ध झालाय, तुलना सोपी आहे.

---

उत्तर ७: चपटी_पाठ

ब चे प्रौढ नर ॲसिओमॉर्फा कोआर्क्टाटा. ऑक्सिडसचं नाव नोंदीतून काढा.

फिकट पिल्लांची शंका रास्त आहे. एकोणीस वलयांवर कुणाचंही नाव लिहू नका, वाढवून बघा. अर्धा लिटरचा डबा, तळाला ५ ते ६ सेंमी त्याच वाडीतली चाळलेली माती, वर अर्धवट कुजलेली पानं आणि कुजक्या लाकडाचा तुकडा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकीच ओल. झाकणाला सुईने आठ-दहा भोकं. एका डब्यात तीनपेक्षा जास्त नको, वायू साठतो. डबा सावलीत ठेवा, खिडकीत नको.

कात टाकायच्या आधी पिल्लू मातीत छोटी गोल कोठडी करून आत वेटोळं घालून बसतं, कित्येक दिवस हलत नाही. मेलं समजून कोठडी फोडली तर मऊ अंगाचा वाणी सुकून खरंच मरतो. डब्याच्या भिंतीतून कोठडी दिसत असेल तर बाहेरून खूण करून ठेवा आणि त्या बाजूची माती फक्त फवाऱ्याने ओली राखा. बाहेर आल्यावर सुरुवातीला पांढरट असतो. रंग पूर्ण भरू द्या, मग वलयं मोजा, वीस असतील आणि नर असेल तर खालून फोटो घेऊन इथे टाका.